संगणकाला नावाने हाक मारली की काय होते?

 

आजचा विषय वरवर पाहता लहान आहे. आपण संगणकाला एक नाव सांगतो आणि तो त्या नावाच्या यंत्रापर्यंत पोहोचतो. मध्ये काय घडते? बँकेच्या संकेतस्थळाचे नाव टाकल्यावर जे घडते, तेच शेजारच्या खोलीतल्या संगणकाचे नाव टाकल्यावर घडते का? बहुतेकांना वाटते, हो, तेच. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. तसे नाही, हे मला एका सोमवारी सकाळी कळले आणि त्या सकाळची थोडी लाज मला अजून वाटते. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

निवृत्तीनंतर मी इंदूरला स्थायिक झालो. आमच्या वसाहतीत एक छोटा धर्मादाय दवाखाना आहे. आम्ही चार-पाच निवृत्त माणसे तिथे जमेल ते काम करतो. माझ्याकडे संगणकांची देखभाल आली, कारण बाकीच्यांपेक्षा मला त्याची भीती कमी होती, एवढेच. तिथे चार यंत्रे आहेत. मागच्या खोलीत मुख्य संगणक, त्याचे नाव आम्ही इंग्रजी अक्षरांत 'नोंदणी' असे ठेवले आहे. रुग्णांची सगळी माहिती त्याच्यावर. पुढे स्वागतकक्षात एक संगणक, औषधांच्या खिडकीत एक आणि डॉक्टर मॅडमचा लॅपटॉप. हे तिघे 'नोंदणी'ला विचारून रुग्णाची फाइल उघडतात.

त्या सोमवारी साडेआठला पोहोचलो तर तिन्ही ठिकाणी फाइल उघडत नव्हती. शनिवारी इंटरनेट कंपनीच्या माणसाने जुना राउटर काढून नवा बसवला होता. त्याला फोन केला. तो म्हणाला, "अंकल, नेट तो चल रहा है ना?" नेट खरोखरच चालू होते. बातम्या उघडत होत्या, बँक उघडत होती, नातवंडांचे व्हिडिओ उघडत होते. "फिर नेटवर्क ठीक है," असे म्हणून त्याने फोन ठेवला.

रांगेत एक आजी होत्या. छातीत कफ, अंगात ताप. डॉक्टर मॅडमना त्यांना अँटिबायोटिक द्यायचे होते. पण मॅडम म्हणाल्या, "काका, या आजींना कुठल्या तरी औषधाची ॲलर्जी आहे, मागच्या वेळी मीच फाइलमध्ये लिहिले आहे. कुठले ते मला आता खात्रीने सांगता येत नाही. फाइल पाहिल्याशिवाय मी काही देणार नाही." आजींनाही नाव आठवेना. त्या मुकाट बाकावर बसून राहिल्या. आमच्याकडे माहिती होती, ती वीस पावलांवरच्या खोलीत होती आणि आम्हाला ती मिळत नव्हती.

आता इथे मी गोष्ट थांबवतो, कारण पुढचे समजायला दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात. पहिली, बाहेरच्या जगात नावावरून पत्ता कसा सापडतो. दुसरी, घरातल्या जाळ्यात कसा सापडतो.

संगणक एकमेकांना नावाने ओळखत नाहीत, आकड्यांनी ओळखतात. या आकड्याला आयपी पत्ता म्हणतात. चार आकडे, मध्ये टिंबे. नावे आपल्यासाठी आहेत, कारण आपल्याला आकडे लक्षात राहत नाहीत. म्हणजे कुठे तरी नाव आणि पत्ता यांची जोडी ठेवलेली असायला हवी.

इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यात, म्हणजे आर्पानेटमध्ये, ही जोडी एका साध्या फाइलमध्ये होती. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एक माहिती केंद्र होते, त्याच्या प्रमुख एलिझाबेथ फाइनलर. कोणाला नवा संगणक जोडायचा असेल तर त्यांच्या केंद्राला कळवायचे. ते त्या फाइलमध्ये एक ओळ वाढवत आणि बाकी सगळे ती फाइल उतरवून घेत. गावात दोनशे घरे असतील तर पोस्टमनला एक वही पुरते, तसेच हे. पण संगणक वाढत गेले. एकाच नावाचे दोन दावेदार येऊ लागले. फाइल मोठी होत गेली आणि जो तो तीच फाइल पुन्हा पुन्हा उतरवू लागला. वही पुरेना.

मग १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी वेगळी पद्धत मांडली. तिचे नाव डोमेन नेम सिस्टिम, डीएनएस. १९८७ मध्ये तिची सुधारलेली रूपरेषा प्रसिद्ध झाली आणि मूळ गाभा आजही तोच आहे. कल्पना अशी, की सगळी माहिती कोणा एकाकडे नको. प्रत्येकाला फक्त आपल्या खालचे माहीत असावे. फौजेत ब्रिगेड कमांडरला प्रत्येक जवानाचे नाव पाठ नसते. त्याला बटालियन ठाऊक असते, बटालियनला कंपनी, कंपनीला प्लाटून. विचारत विचारत खाली गेलो की माणूस सापडतो.

डीएनएसमध्ये नाव उजवीकडून वाचतात. समजा एखाद्या संस्थेचे नाव 'डॉट इन'ने संपते. आपला संगणक स्वतः फारशी धावपळ करत नाही. तो एका मदतनिसाला विचारतो. त्याला रिझॉल्व्हर म्हणतात. बहुधा तो आपल्या इंटरनेट कंपनीचा असतो, किंवा आपण निवडलेला एखादा सार्वजनिक. मदतनीस आधी मुळापाशी जातो. या मूळ सर्व्हरांची तेरा नावे आहेत, इंग्रजी 'ए'पासून 'एम'पर्यंत. तेरा नावे म्हणजे तेरा यंत्रे नव्हेत. त्यांची प्रतिरूपे जगात हजाराहून अधिक ठिकाणी आहेत, भारतातही आहेत. मूळ सर्व्हर म्हणतो, "मला त्या संस्थेचा पत्ता माहीत नाही, पण 'डॉट इन' कोण सांभाळतो ते सांगतो." मदतनीस तिकडे जातो. 'डॉट इन'चे काम आपल्याकडे निक्सी ही संस्था पाहते. तो सर्व्हर म्हणतो, "त्या संस्थेची नावे या सर्व्हरकडे आहेत." आणि तो शेवटचा सर्व्हर खरा पत्ता देतो.

हे दर वेळी करावे लागत नाही. उत्तरासोबत एक मुदत येते, ती सेकंदांत असते. ३६०० लिहिले असेल तर एक तास. तेवढा वेळ मदतनीस उत्तर लक्षात ठेवतो. म्हणून एखाद्या संकेतस्थळाने घर बदलले तर काही लोकांना लगेच नवे दिसते आणि काहींना काही तास जुनेच दिसत राहते. कोणी खोटे बोलत नसते. मुदत संपलेली नसते, इतकेच.

जाता जाता आपल्या भाषेची एक गोष्ट. २०१४ पासून 'डॉट भारत' हे नाव देवनागरीत मिळते. मराठीत संकेतस्थळाचे पूर्ण नाव लिहिता येते. पण डीएनएस जुनी आहे, तिला इंग्रजी अक्षरे, आकडे आणि आडवी रेघ एवढेच समजते. म्हणून ब्राउझर आपले देवनागरी नाव आतल्या आत इंग्रजी अक्षरांत बदलतो. त्या रूपाची सुरुवात नेहमी 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी होते. कधी पत्त्याच्या जागी असे विचित्र काही दिसले तर लगेच घाबरू नका, ते भारतीय लिपीतले नाव असू शकते. मात्र बँकेच्या नावाच्या जागी असे दिसले तर तिथून उठा.

आता घरातले जाळे.

घरात आपण "आई" अशी हाक मारली की आई ओ देते. नाव-पत्ता काही लागत नाही. पण पाकिटावर नुसते 'आई' असे लिहून ते टपालपेटीत टाकले तर? पोस्टमन काय करील? आई घरोघरी आहे. त्या शब्दाला अर्थ आहे तो घराच्या चार भिंतींत. 'नोंदणी' हे आमच्या संगणकाचे नाव असेच आहे. असे नाव देशातल्या शंभर दवाखान्यांत असू शकते. बाहेरच्या डीएनएसला ते विचारले तर तो सरळ सांगतो, असे कोणी नाही. आणि ते बरोबरच आहे.

नावाचे जे, तेच पत्त्याचे. तुमच्या घरच्या राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. शेजाऱ्याचाही. माझाही. हे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले आहेत. १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ चे, असे तीन गट. १९९६ च्या एका मानक-पत्रात हे लिहून ठेवले आहे. प्रत्येक सोसायटीत फ्लॅट नंबर १०१ असतो तसे. सोसायटीत ते पुरेसे आहे, शहरात नाही.

मग घरात नावावरून पत्ता कोण सांगतो? सांगणारा वेगळा कोणी लागतच नाही, अशी इथली जुनी पद्धत आहे. ज्याला हवे तो हाक मारतो, "नोंदणी कोण आहे?" ही हाक जाळ्यातल्या सगळ्यांना ऐकू जाते. ज्याचे नाव आहे तो म्हणतो, "मी. माझा पत्ता हा." संपले.

या हाकेच्याही पिढ्या आहेत. सर्वांत जुनी नेटबायॉस, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची, आयबीएमच्या पीसी जाळ्यासाठी केलेली. नंतर विंडोजने ती उचलली. तिच्यात नाव पंधरा अक्षरांपेक्षा लांब चालत नाही. विंडोज आजही लांब नाव दिल्यावर कुरकुरते, त्याचे कारण हे. दुसरी एलएलएमएनआर, विंडोज व्हिस्टाच्या काळातली. तिसरी एमडीएनएस. ती ॲपलने २००२ मध्ये आणली, आज तिला बॉनजूर या नावाने लोक ओळखतात. लिनक्सवर तेच काम अवाही करते, आणि आता विंडोजलाही ती समजते. या तिसऱ्या पद्धतीत नावाच्या शेवटी 'डॉट लोकल' लावतात. तुमचा प्रिंटर फोनवर आपोआप दिसतो ना? तो याच हाकेला ओ देतो.

हाकेची एक मर्यादा नीट लक्षात घ्या. ती राउटरच्या पलीकडे जात नाही. मुद्दामच तशी ठेवली आहे. जगातल्या प्रत्येक घरातली हाक रस्त्यावर ऐकू येऊ लागली तर कोणालाच काही ऐकू येणार नाही.

आणि हाक व डीएनएस यांच्याही आधी एक तिसरी जागा आहे. आठवते ती स्टॅनफर्डची वही? ती गेली नाही. प्रत्येक संगणकावर तिचा एक छोटा वारस आजही आहे. त्याचे नाव होस्ट्स फाइल. विंडोजमध्ये ती सी ड्राइव्हवर, विंडोज, मग सिस्टम३२, मग ड्रायव्हर्स, मग ईटीसी या फोल्डरमध्ये असते. लिनक्स आणि मॅकवर नुसत्या ईटीसीमध्ये. तिच्यात आपण हाताने लिहू शकतो: हा पत्ता, हे नाव. आणि संगणक सहसा तिच्यावर सर्वांत आधी विश्वास ठेवतो.

तर विंडोजचा साधारण क्रम असा. कोणी नाव विचारले की आधी, हे माझेच नाव आहे का? मग होस्ट्स फाइल आणि अलीकडची आठवण. मग डीएनएस. तिथे नाही मिळाले, किंवा नाव एकशब्दी असेल, तर हाक. नव्या आवृत्त्यांत काही पायऱ्या एकाच वेळी चालतात, पण होस्ट्स फाइलचा मान पहिला राहतो.

आता दवाखान्यात परत जाऊ.

आधी मी तिन्ही संगणकांवर धावत होतो. हे चुकीचे. कोणी सापडत नसेल तर आधी तो जागेवर आहे का ते पाहावे. मी मागच्या खोलीत गेलो. मुख्य संगणक चालू होता. त्यावर काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग हा हुकूम दिला. पत्ता आला १९२.१६८.०.१४. माझ्या डोक्यात होता १९२.१६८.१.१०. जुन्या राउटरमध्ये मी 'नोंदणी'साठी तो पत्ता राखून ठेवला होता. नवा राउटर वेगळ्या मालिकेतले पत्ते वाटत होता आणि त्याला माझ्या राखीव जागेची काही माहिती नव्हती. शिवाय विंडोजने नवा राउटर पाहून हे जाळे 'सार्वजनिक' ठरवले होते. सार्वजनिक जागी, म्हणजे विमानतळावर वगैरे, संगणक अनोळखी हाकेला ओ देत नाही. शहाणपणाचेच आहे ते. पण इथे नको होते. मी ते 'खासगी' केले.

मग तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारला: पिंग, आणि पुढे 'नोंदणी'. पिंग म्हणजे नावाने हाक मारून "आहेस का?" असे विचारणे. गंमत पाहा, एकच प्रश्न आणि तीन निराळी उत्तरे आली.

औषधांच्या खिडकीतल्या संगणकाने १९२.१६८.०.१४ असा नवा पत्ता दाखवला आणि समोरून उत्तरही आले. म्हणजे हाक पोहोचत होती. मग फाइल का उघडत नव्हती? कारण तिथे फोल्डरची जोडणी नावाने नव्हे, जुन्या आकड्याने केलेली होती. आकडा बदलला, जोडणी तुटली. ती नावाने केली, दोन मिनिटांत काम झाले.

डॉक्टर मॅडमचा लॅपटॉप म्हणाला, असा कोणी सापडतच नाही. त्याचा पत्ता पाहिला तर तो तिसऱ्याच मालिकेतला. नव्या राउटरने दोन वायफाय सुरू केली होती, एक घरचे आणि एक पाहुण्यांचे. लॅपटॉप पाहुण्यांच्या वायफायवर होता. पाहुण्यांना इंटरनेट मिळते, घरातल्या खोल्यांत जाता येत नाही. हाक भिंतीवरच अडत होती. वायफाय बदलले, 'नोंदणी' सापडला.

स्वागतकक्षातला संगणक मात्र ठामपणे सांगत होता, 'नोंदणी' म्हणजे १९२.१६८.१.१०. जुना पत्ता. आणि त्या पत्त्यावर कोणी उत्तर देत नव्हते. मी आठवण पुसायचा हुकूम दिला, आयपीकॉन्फिग आणि फ्लशडीएनएस. पुन्हा विचारले. पुन्हा तेच. यंत्र बंद करून चालू केले. पुन्हा तेच. हाक नाही, डीएनएस नाही, आठवण नाही. उरली एकच जागा. होस्ट्स फाइल उघडली. शेवटच्या ओळीत तो जुना पत्ता आणि पुढे 'नोंदणी'.

ती ओळ कोणी लिहिली होती? मीच. दोन वर्षांपूर्वी एकदा हाक नीट पोहोचत नव्हती, तेव्हा घाईत काम भागवण्यासाठी मी ती लिहिली. काम झाले आणि मी विसरलो. कुठे नोंद केली नाही, कोणाला सांगितले नाही. आयुष्यभर हाताखालच्या मुलांना सांगत आलो, की जे केले ते लॉगबुकात लिहा, पुढच्या पाळीच्या माणसाला ते कळले पाहिजे. आणि स्वतःच्या वेळी मी नेमके तेच केले नाही. कंपनीच्या माणसावर मी सकाळपासून मनात चिडत होतो. त्याने राउटर बदलला, हे खरे. पण तिन्हीपैकी सर्वांत जास्त वेळ ज्या दोषाने खाल्ला तो माझा होता.

पावणेअकराला आजींची फाइल उघडली. पेनिसिलीनची ॲलर्जी, मॅडमच्याच अक्षरांत असावे तसे लाल रंगात लिहिलेले. मॅडमनी दुसरे औषध दिले. आजी म्हणाल्या, "इतका वेळ लागला, पण बरे झाले तुम्ही थांबलात." त्या मॅडमना म्हणाल्या, मला नाही. मला काही म्हणायचा हक्कही नव्हता.

यातून आपल्या उपयोगाचे काय?

पहिली गोष्ट, निदानाची. 'नेट चालते' याचा अर्थ बाहेरची डीएनएस आणि बाहेरचा रस्ता चालू आहे. घरातले नाव सापडते की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. तो वेगळा विचारा. नावाने पिंग करा आणि कोणता पत्ता दिसतो ते पाहा. पत्ता दिसलाच नाही तर नावाचा दोष. चुकीचा दिसला तर कुठे तरी जुनी नोंद. बरोबर दिसला पण उत्तर नाही, तर रस्त्याचा, भिंतीचा किंवा समोरच्या यंत्राचा दोष. एवढ्या तीन फांद्या केल्या तरी अर्धी धावपळ वाचते. एक सावधगिरी: एनएसलुकअप नावाचा दुसरा हुकूम आहे, तो फक्त डीएनएसला विचारतो. होस्ट्स फाइल तो पाहत नाही, हाकही मारत नाही. त्यामुळे घरातल्या नावाबद्दल तो "नाही" म्हणाला, तरी पिंग "आहे" म्हणू शकते. दोघेही खरे बोलतात, दोघांनी वेगळ्या ठिकाणी चौकशी केलेली असते.

दुसरी गोष्ट, सुरक्षेची. हाकेला ओ कोण देतो हे हाक मारणारा तपासत नाही. वायरलेसवर कोणी "मी अमुक" म्हणाला तर आम्ही आधी त्याच्याकडून परवलीचे उत्तर मागत असू. नेटबायॉस आणि एलएलएमएनआर यांच्यात अशी परवल नाही. समजा ऑफिसात कोणी सर्व्हरचे नाव एका अक्षराने चुकीचे टाइप केले. डीएनएस म्हणाली, नाही. संगणक हाक मारतो. जाळ्यात घुसलेला कोणी लबाड यंत्रावरून म्हणतो, "मीच तो." आपला संगणक त्याच्याकडे लॉगिन करायला जातो आणि पासवर्डपासून बनवलेली ओळख त्याच्या हाती देतो. ही चाल जुनी आहे आणि आजही चालते. म्हणून ज्या कार्यालयाकडे स्वतःची डीएनएस आहे तिथे या दोन्ही हाका बंद करतात. आपण इतके करावे: स्टेशनवर, हॉटेलात, विमानतळावर जाळे 'सार्वजनिक'च ठेवावे.

बाहेरच्या डीएनएसमध्येही सुरुवातीला परवल नव्हती. २००८ मध्ये डॅन कमिन्स्की यांनी दाखवून दिले, की मदतनिसाच्या आठवणीत खोटे उत्तर घुसवणे वाटते त्यापेक्षा सोपे आहे. जगभरच्या कंपन्यांनी मिळून त्यावर दुरुस्ती काढली. उत्तरावर सही करण्याची पद्धत, डीएनएससेक, मूळ सर्व्हरांच्या पातळीवर २०१० च्या जुलैत लागू झाली.

तिसरी गोष्ट, नाव ठेवण्याची. पूर्वी अनेक कार्यालयांनी आपल्या आतल्या डीएनएसमधल्या नावांना 'डॉट लोकल' लावले. पुढे तेच शेपूट एमडीएनएससाठी अधिकृतपणे राखले गेले, २०१३ मध्ये, आणि दोघांची टक्कर होऊ लागली. काही यंत्रे डीएनएसला विचारतात, काही हाक मारतात. आज नव्याने करायचे तर कार्यालयाने स्वतः विकत घेतलेल्या नावाखाली आतली नावे ठेवावीत. तसे नको असेल तर 'डॉट इंटर्नल' आहे. २०२४ मध्ये आयकॅनने ते खासगी वापरासाठी बाजूला काढून ठेवले. घरासाठी 'होम डॉट आर्पा' आहे.

आणि एक नवी अडचण. काही ब्राउझर आता डीएनएसचा प्रश्न गुप्तपणे, थेट आपल्या पसंतीच्या मदतनिसाला विचारतात. कोणी मध्ये ऐकू नये म्हणून हे चांगलेच आहे. पण त्या बाहेरच्या मदतनिसाला तुमच्या कार्यालयाच्या आतली नावे कशी माहीत असणार? म्हणून कधी कधी एका ब्राउझरमध्ये आतले पान उघडते आणि दुसऱ्यात उघडत नाही. यंत्राला दोष देण्यापूर्वी ब्राउझरची ही सेटिंग पाहा.

शेवटची गोष्ट तंत्राची नाही. त्या सोमवारनंतर मी दवाखान्यात एक साधी वही ठेवली आहे. कपाटाच्या आतल्या बाजूला दोरीने बांधलेली, म्हणजे कोणी घरी नेणार नाही. पाच रकाने: यंत्राचे नाव, पत्ता, काय बदलले, कोणी बदलले, तारीख. पहिल्या पानावर राउटरमधली राखीव जागा लिहिली आहे. ती आता नव्या राउटरमध्येही केली आहे. फोल्डरच्या जोडण्या सगळ्या नावाने केल्या. होस्ट्स फाइलमधली ती ओळ काढली. आणि वहीतली पहिली नोंद अशी आहे: स्वागतकक्षातल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये ओळ लिहून ठेवली होती, नोंद केली नव्हती, आज काढली. खाली माझी सही आहे.

आपल्यापैकी अनेक जण सोसायटीच्या ऑफिसात, वाचनालयात, मंडळात, मुलाच्या दुकानात अशीच चार यंत्रे सांभाळत असतील. आज व्हिडिओ संपल्यावर एक काम करा. त्या यंत्रांची होस्ट्स फाइल उघडून शेवटच्या दोन-तीन ओळी वाचा. तिथे काही सापडले आणि ते कोणी लिहिले हे कोणालाच सांगता येईना, तर तुमची वही आजच सुरू करा.